धुई, उसाची ट्रॉली आणि स्टेअरिंगवरचा माणूस : चूक कोणाची?

मांजराकाठ
थंडी पडली की आपल्याकडच्या सकाळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो ठरलेला असतो. कारचं बॉनेट उसाच्या ट्रॉलीखाली घुसलेलं, आजूबाजूला मफलरवाली गर्दी, आणि खाली लिहिलेलं, 'दाट धुक्याने घेतला बळी'. धुकं काही ॲक्सिलरेटर दाबत नाही. दाबणारा पाय कुणाचा तरी असतो, पण त्याच्याबद्दल ग्रुपवर कुणी बोलत नाही.

माझा हिशेब साधा आहे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ३३ मीटर तिथंच गेले. मग कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी ३५-४० मीटर लागतात, आणि दवानं रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त. हवामान खातं ५० ते २०० मीटर दिसत असेल तर दाट धुकं म्हणतं, ५० च्या खाली अतिदाट. म्हणजे ५० मीटर दिसत असताना ८० नं जाणाऱ्याला ट्रॉली दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

म्हणून मागून धडकणारा आधी जबाबदार, बाकीचे नंतर, असं माझं मत. लातूर-नांदेड, माजलगाव-परभणी, बीड-जालना या रस्त्यांवर रोज जाणारे इथं बरेच आहेत. तुम्हाला काय वाटतं? 'धुई होती' हे कारण तुम्ही कितपत मानता?

डिझेल_दादा
ट्रॉलीवाल्याला शिव्या न देता सुरू झालेला हिवाळ्यातला पहिला धागा. किती वेळ टिकतो बघू.

परभणीची_लेक
टिकत नाही, मीच सुरुवात करते.

तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यात एक गृहीत धरलंय की ५० मीटरवरची वस्तू ५० मीटरवरून दिसते. उसाची ट्रॉली नाही दिसत. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाचे शेंडे चार-पाच फूट मागं लोंबून त्याला झाकतात, आणि धुक्याचा रंग अन् वाळल्या पाचटाचा रंग पहाटे एकच. ती दहा-पंधरा मीटरवर दिसते. मग काय २० नं चालायचं? मी २० नं चालले तर मागून येणारा ट्रक मला ट्रॉलीत घालतो.

परभणीत पहाटे पारा पाच-सहावर असताना मी नोकरीला निघते. मला 'हळू चालवा' सांगणारे सगळे नऊला निघणारे असतात, हे आपलं निरीक्षण.

मांजराकाठ
हो, २० नं चालायचं. तेही जमत नसेल तर त्या तासाला निघायचं नाही.

परभणीची_लेक
बायोमेट्रिक मशिनला हे तुम्हीच येऊन सांगा.

निवृत्त_स्टेअरिंग
एसटीत माझी उमर गेली. रातराणी चालवली, गंगाखेडची पहिली गाडीही चालवली. दोघांचंही म्हणणं ऐकलं. थोडं लांब लिहितो, चालवून घ्या.

धुई सगळीकडं सारखी नसते. माळावर स्वच्छ दिसतं, म्हणून माणूस पाय दाबतो, आणि गोदावरीचा पूल आला, कालव्याच्या कडेचा रस्ता आला, रात्री पाणी दिलेली रानं आली की एकदम पुढचं काहीच दिसेनासं होतं. माणूस तिथं मरतो, कारण वेग माळावरचा असतो. जायकवाडीच्या कालव्याच्या पट्ट्यात ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना ठाऊक असेल. धुई दिसायच्या आधी पाय काढायचा असतो. आत शिरल्यावर कचकन ब्रेक मारला तर मागचा तुमच्यात.

दिवे खाली ठेवायचे. अप्पर मारला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. नवी पोरं दिसत नाही म्हणून अप्पर लावतात, आणि आणखी दिसेनासं होतं. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चालायचं, मधली पट्टी नाही. मधली धरणारे दोघं समोरासमोर येतात. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून तर कधीच जाऊ नये. तो खड्ड्यात गेला तर तुम्हीही जाता.

काच आतून धरली तर फडक्यानं पुसत बसू नका. एसी लावा, हवा काचेवर सोडा, बाहेरची हवा आत येऊ द्या. थंडीत एसी कशाला म्हणून लोक बंद ठेवतात आणि हातानं भोक पाडून बघत चालवतात. माझी एक सवय होती, बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. ट्रॅक्टरचा आवाज दिव्याच्या आधी येतो, त्याच्या टेपचा तर त्याहून आधी.

आणि थांबायचं असेल तर पंपावर, ढाब्यावर, रस्त्यापासून आत. साईडपट्टीवर नाही. ऊन वर आलं की धुई सुटते. तासभर चहा प्यायला कुणाचं काही जात नाही. आम्हाला डेपोत उशिराचं कारण लिहून द्यावं लागायचं, मी 'धुई' लिहायचो.

हुरडापार्टी
काका, आमचे भाऊजी धुईत चारी ब्लिंकर लावून ८० नं पळतात. चार ब्लिंकर म्हणजे जणू देवाचा अंगारा, एकदा लावला की काही होत नाही.

निवृत्त_स्टेअरिंग
त्यांना सांगा, चारी लागले की वळायचा इशारा कुणाला कळत नाही. ते उभ्या गाडीसाठी आहेत. मागच्याला वाटतं पुढचा थांबलाय, तो बाजूनं काढायला बघतो, आणि समोर ट्रॉली.

उसाचा_गाडा
मी माजलगाव भागातला. ट्रॅक्टर सोताचा, ट्रॉल्या दोन, हप्ते चालू. वरचं सगळं वाचलं. आता आमचं बी वाचा.

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. फडातून निघायला संध्याकाळ होती, कारखान्यावर गेलं की पुढं लाईन. नंबर लागायला रात जाती, कधी दुसरा दिवस उजाडतो. गव्हाणीत, म्हंजे गाळायला ऊस टाकतात तिथं, माल रिकामा झाला की लगेच मागं फिरायचं, कारण फडात टोळी बसून आहे अन् मुकादमाचा फोन चालूच. ड्रायव्हर पोरगं झोपतं कधी? लाईनीत, ट्रॅक्टरवरच, घोंगडं घेऊन. टेप कामून लावतो तर झोप येऊ नी म्हणून. तुम्हाला वाटतं मस्ती आहे.

रिफ्लेक्टरचं म्हणाल तर हंगामाच्या सुरुवातीला लाल पट्ट्या लावायचा कार्यक्रम होतो. साहेब येतात, हार-फुलं, फोटो, पेपरात बातमी. दोन-चार खेपांत पट्टीवर चिखल अन् पाचट बसतं. पुसाया कुणाला टाइम. ताईचं म्हणणं खरं आहे, शेंडे लोंबतात, पट्टी झाकती. पण मोळ्या बांधून कापून बसवायचं म्हणलं तर माल कमी बसतो, अन् टनावर पैसे आहेत हे वर सांगितलंच.

आता खरी गोष्ट, जी कारवाल्यांना ठाऊक नाही. चढ आला की दोन भरल्या ट्रॉल्या एका दमात निघत नाहीत. मग मागची ट्रॉली सोडायची, चाकाखाली दगड लावायचे, पुढची वर नेऊन ठेवायची, अन् परत येऊन मागची घ्यायची. तेवढ्या वेळात सोडलेली ट्रॉली रस्त्यावर एकटीच उभी. तिला दिवा असला तरी पेटणार कसा, वायर तर ट्रॅक्टरला. जास्त अपघात तिथंच होतात, मी डोळ्यानं बघितलेत. चालत्या ट्रॉलीला आवाज असतो, उभीला काहीच नसतो.

अन् धडकला तर आधी मार कुणाला? आमच्या पोराला. गावातले जमतात अन् सुरू होतात. म्हणून ते पळतं. पळालं की म्हणतात, बघा, पळून गेला.

डिझेल_दादा
ते चाकाखालचे दगडही उचलत नाहीत हे तुम्ही लिहिलं नाही, दादा. ट्रॉली जाते, दगड तिथंच. बाईकवाल्याला तो दगड पुरतो.

उसाचा_गाडा
ते बी खरं आहे.

वकिलीणबाई_बीड
मोटार अपघात दाव्यांचं काम करते, म्हणून थोडं कायद्याचं.

फौजदारी आणि नुकसानभरपाई हे दोन वेगळे रस्ते आहेत, लोक ते एकत्र करतात. निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद. पूर्वी ३०४-अ खाली दोन वर्षं होती. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद १०६(२) मध्ये आहे, पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चक्का जाम केला होता तो यावरूनच, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. म्हणून पळालं तरी चालतं असं कुणी समजू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकावर कर्तव्य टाकतं : जखमीला उपचार मिळवून देणं, आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत, कळवणं. जमावाची भीती असेल तर तिथं थांबायची सक्ती नाही, पण सरळ पोलीस ठाण्यात जायचं, घरी नाही. उसाचा_गाडा, तुमच्या ड्रायव्हरला हे एकदा बसवून सांगा. त्याच्या बाजूनं पुढं हेच उभं राहतं.

आता मूळ प्रश्न. दावा प्राधिकरणापुढं चूक वाटली जाते. मागून धडकणाऱ्याचा वाटा बहुतेक वेळा धरतात, कधी अर्धा-अर्धाही. पण प्रत्येक वेळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालात रात्री महामार्गाच्या मधोमध कसलाही इशारा न ठेवता टँकर उभा होता, कार त्याला धडकली. उच्च न्यायालयानं कारवाल्याच्या माथी निम्मी चूक मारली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं काढून टाकली. २०२४ मध्येही रस्त्यात दिव्याविना सोडलेल्या ट्रेलरबाबत तसाच निकाल आला. वाहन धोकादायक स्थितीत सोडू नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतंच. म्हणजे मांजराकाठ यांचं 'आधी कारवाला' चालत्या ट्रॉलीला लावता येईल, चढावर सोडलेल्या ट्रॉलीला कोर्टात टिकणं अवघड.

आणि ट्रॉलीमालकांसाठी : कायद्याच्या लेखी ट्रॉलीसुद्धा वाहन आहे. तिची नोंदणी आणि विमा नसेल, किंवा ट्रॅक्टर शेतीसाठी म्हणून विमा काढून भाड्यानं ऊस ओढत असाल, तर विमा कंपनीला वाद घालायला जागा मिळते. मग लाखांचा बोजा शेवटी सातबाऱ्यावर येतो. अशी घरं मी पाहिली आहेत.

गोदाकाठ_पाथरी
आणि धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर?

वकिलीणबाई_बीड
मोटार वाहन कायद्याचं कलम १६१. मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. अर्ज तहसील-प्रांत मार्गानं जातो. बहुतेकांना माहीतच नाही, म्हणून अर्जच होत नाहीत.

स्टुटगार्टचा_अंबाजोगाईकर
इकडचं सांगतो, तुलना म्हणून. जर्मनीत नियम आकड्यात लिहिलाय : धुकं, बर्फ किंवा पावसामुळं ५० मीटरच्या आत दिसत असेल तर ताशी ५० च्या वर जायचं नाही, मग ऑटोबान असला तरी. आणि ५० मीटर हे ओळखायचं कसं? मोठ्या रस्त्यांच्या कडेला पांढरे खांब असतात, साधारण ५० मीटरवर एक. पुढचा खांब दिसत नसेल तर पाय काढा. मागचा फॉग लॅम्पही ५० मीटरच्या आतच लावायची परवानगी, एरवी मागच्याचे डोळे दिपतात म्हणून दंड.

बर्फाचं तर विचारूच नका. रस्ता निसरडा असताना उन्हाळी टायरवर गाडी काढली आणि ठोकली, तर विमावाले तुमच्याच भरपाईत कात्री लावू शकतात. 'बर्फ पडला होता' हे इकडं कारण होत नाही, 'बर्फ पडला होता तर तुम्ही कशाला निघालात' हा प्रश्न होतो. मांजराकाठचं मत मला पटतं ते म्हणून.

डिझेल_दादा
साहेब, इथं ट्रॉलीला टेललॅम्प नाही आणि तुम्ही खांब मोजायला सांगताय. आपल्याकडं ५० मीटरवर खांब लावले तर पंधरा दिवसांत गोठ्याला लागतील.

स्टुटगार्टचा_अंबाजोगाईकर
हसलो. पण बाभळीच्या बुंध्याला पांढरा-लाल पट्टा मारायची आपली जुनी रीत होती की! तेच काम व्हायचं. रुंदीकरणात झाडं गेली, पट्टे गेले.

निवृत्त_स्टेअरिंग
लाख बोललात. लिंबाची, चिंचेची झाडं होती तेव्हा रस्ता कुठं वळतोय हे धुईतही कळायचं.

काळी_कसदार
विषय थोडा सोडून. यंदा धुईनं तुरीचा फुलोरा गेला आमचा. तुम्हाला गाड्यांचं पडलंय. 🙂

हुरडापार्टी
तुरीचं वाईट वाटलं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, या आमच्याकडं, भज्जी-आंबील पोटभर. आणि धाग्याशी संबंध लावतो : येळवशीच्या दिवशी लातूर-धाराशिव भागात अख्खं शहर रानात असतं. दुपारी जड आंबील, संध्याकाळी परतीला एका बाईकवर चौघं आणि अंधारात दिवा नसलेल्या बैलगाड्या. त्या दिवशी मी कार काढतच नाही, चालत जातो.

काळी_कसदार
आंबीलीवर ड्रायव्हिंगचा कायदा पाहिजे. झोप येते हो.

गोदाकाठ_पाथरी
सगळे कार आणि ट्रॉली बोलताय. सगळ्यात जास्त मरतो तो बाईकवाला. हेल्मेटच्या काचेवर दव धरतं, ती वर केली तर डोळ्यात पाणी. बोटं गारठली की ब्रेक आवळायला उशीर होतो. कानटोपी, त्यावर मफलर, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. दूधवाले, पेपरवाले, कंपनीच्या शिफ्टचे, यांना ऊन वर येईपर्यंत थांबायची सोय नाही. निदान जॅकेटच्या पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्या, टेलरकडं स्वस्तात होते.

त्यात कुणीतरी बांधावरचं पाचट पेटवतं. धूर अन् धुई एक झाली की हातभर दिसत नाही. पेटवणाऱ्याची जबाबदारी कुठं धरायची?

परभणीची_लेक
त्याची, शंभर टक्के. आणि रस्त्यावर रास करणाऱ्याचीही. पण ती जबाबदारी धरायला जाणार कोण, तो आपल्याच भावकीतला असतो.

नर्सताई_नांदेड
जबाबदारीचं भांडण चालू द्या. तोवर ज्यांच्यासमोर अपघात होईल त्यांच्यासाठी.

१०८ लावा. महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा चालतो. आधी मागून येणाऱ्या गाड्यांना सावध करा, धुईत दुसरी गाडी येऊन त्याच ढिगात घुसते. नव्या कारच्या डिकीत लाल त्रिकोण मिळतो, बहुतेकांनी त्याची पिशवीही उघडलेली नसते. तो लांब मागं ठेवा, आणि माणसं रस्त्याच्या खाली उतरवा.

जखमीची मान वाकवू नका, ओढून काढू नका, आग लागायची भीती असेल तेवढंच. रक्त जात असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. आणि थंडीतलं खास : अंगावर पांघरूण घाला. गाडीतली शाल, घोंगडं, पोतं, काहीही. शरीर गार पडलं की रक्त गोठायची क्रिया मंदावते, रक्तस्राव थांबत नाही. पहाटे आमच्याकडं येणारे पेशंट कित्येकदा नुसत्या शर्टवर, थंडगार होऊन येतात, आणि भोवती चाळीस जण शाली पांघरून उभे होते असं सोबतचे सांगतात. चहा-पाणी पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं.

पोलिसांच्या लफड्याची भीती घालवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायचीही सक्ती नाही.

डिझेल_दादा
ताई, हे वेगळा धागा करून वर टाका. खरंच.

मांजराकाठ
सगळं वाचलं. चालत्या ट्रॉलीबाबत माझं मत तेच. दिसतंय तेवढ्यात थांबता येत नसेल तर वेग जास्त आहे, बाकी चर्चा त्यानंतर. परभणीच्या ताईंचा मागून येणारा ट्रकही याच नियमात बसतो, त्यालाही सूट नाही. बायोमेट्रिकचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही.

चढावर सोडलेल्या ट्रॉलीबाबत वकिलीणबाईंचं मान्य. तिथं कारवाल्यानं किती हळू यावं यालाही मर्यादा आहे. पण मग उसाचा_गाडा, उपाय काय? तुम्हीच सांगा, तुम्हाला तिथलं कळतं.

उसाचा_गाडा
उपाय साधा आहे. चढाला दोन माणसं पाहिजेत. ड्रायव्हर पुढची ट्रॉली वर नेतो, दुसरा मागच्या ट्रॉलीच्या पन्नास-साठ पावलं मागं बॅटरी घेऊन उभा राहतो. दगड बी तोच उचलतो. आमच्या वडिलांच्या टायमाला गाडीवर दोघं असायचेच. आता एकच असतो, कारण दुसऱ्याची रोजी कोण देणार.

वकिलीणबाई_बीड
ट्रॉलीमालक देणार. वाहन त्याचं आहे.

उसाचा_गाडा
मालक म्हंजे मीच की. डिझेल, हप्ता, ड्रायव्हर जाऊन माझ्याकडं काय राहतं ते या बघाया. कारखान्यानं द्यावी, माल त्यांचा वाहतो.

काळी_कसदार
कारखाना ती आमच्या उसाच्या बिलातून कापणार. तोडणी-वाहतूक आधीच कापतात. म्हणजे देणार शेवटी शेतकरी.

परभणीची_लेक
कापू द्या. टनामागं किती पडेल ते तरी काढा आधी, मग भांडू.

उसाचा_गाडा
दोन ट्रॉल्यांत मिळून वीस-बावीस टन धरा. खेपेला एका माणसाची रोजी भागा त्यानं. संध्याकाळी बसून काढतो अन् टाकतो इथं. आता नंबर आलाय, गाडी पुढं घ्यायची आहे.